विचारलं तर सांगणार

ऐन एप्रिलात, बेडगी आणि संकेश्वरी मिरचीची पोती दारात रांगेनं लागलेली असताना चनबसाप्पांनी कांडपाची मिल एक दिवस बंद ठेवली, तेव्हा मंगळवार पेठेनं त्याचा एकच अर्थ काढला. विद्याश्रीला बघायला पाहुणे येणार.

मिल खाली, घर वर. आदल्या दिवशी चनबसाप्पांनी ओलं पोतं घेऊन जिना स्वतः पुसून काढला होता, पण वर्षानुवर्षं भिंतीत मुरलेली मिरची एका पोत्यानं निघते होय? त्यांची थोरली बहीण मुरगूडहून पहिल्या एसटीनं आली. तिला सगळं घर आक्काच म्हणे. ती जिन्यात तीनदा शिंकली आणि वर येऊन पिशवी टेकायच्या आधी म्हणाली, "चन्या, पावणं अर्ध्या जिन्यातनंच माघारी जात्यात बघ."

"जाऊ देत की," स्वयंपाकघरातून महादेवी म्हणाली. "जिन्यातनंच जाणारा जावई मला नको."

चनबसाप्पांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. स्थळ आणलं होतं महादेवीच्या भावानं, मल्लाप्पानं. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा धंदा, पांढरी पँट, आणि गिऱ्हाइकाला पटवायची अशी हातोटी की गंजलेला नटसुद्धा नवा म्हणून खपावा. तो खोलीच्या मधोमध उभा राहून सगळ्यांना पढवत होता.

"पोरगी आरोग्य खात्यात हाय. बास. त्याच्या म्होरं कुनी एक अक्षर बोलायचं न्हाय."

"मामा, मी आरोग्य खात्यात न्हाय," आरशासमोर साडीच्या निऱ्या धरलेली विद्याश्री म्हणाली.

"आरोग्याचंच काम करतीस न्हवं? मग खातं कुठलं का असंना."

काम काय होतं ते त्या घरात मोठ्यानं कुणी म्हणत नसे. समाजकार्याचं शिक्षण झाल्यावर विद्याश्री एका संस्थेत लागली होती. एका भागात लोक आत्महत्या जास्त का करतात आणि शेजारच्याच भागात कमी का, याचा तिथं अभ्यास चाले. त्यासाठी ती गावोगाव फिरे आणि ज्या घरातलं माणूस असं गेलं त्या घरी जाऊन बसे. या एका गोष्टीवर दोन स्थळं मोडली होती. एका मुलाच्या मावशीनं तर तोंडावर विचारलं होतं, असल्या घरांतनं फिरून आलेली पोरगी आमच्या देवघरात कशी चालायची म्हणून.

दिवाळीत त्यावरून बापलेकीत जे झालं ते अजून पुरतं मिटलं नव्हतं. "मेलेल्यांच्या दारात जाऊन तू स्वतःच्या जिंदगीचं वाटोळं करून घ्यालीयास," असं चनबसाप्पा बोलून गेले होते. नंतर त्यांनी तिला नवा फोन आणून दिला, पण शब्द काही मागं घेतला नव्हता.

"अप्पा," विद्याश्री आता त्यांच्याकडं वळून म्हणाली, "कुणी विचारलं न्हाय तर मी सांगणार न्हाय. विचारलं तर खोटं बोलणार न्हाय. एवढंच."

"कोन इचारतंय?" मल्लाप्पानं हात झटकला. "पावणं पगार इचारत्यात, काम न्हाय."

ऊन तापायच्या आत पाहुणे आले. तिघंच. मुलगा शिवप्रसाद, त्याची आई नीलम्मा आणि काका गुरुपाद. गुरुपाद काका गडहिंग्लजकडचे शेतकरी. देह दांडगा, आवाज त्याहून दांडगा. जिन्याच्या चौथ्या पायरीला त्यांना जी शिंक आली तिनं समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली.

"शरणु शरणार्थी," वर पोचल्यावर हात जोडून, मग डोळे पुसत ते म्हणाले. "अण्णा, तुमच्या घरात चोराची काय टाप न्हाय. शिंकूनच गावंल की ओ."

खोलीत एकदम हशा पिकला.

शिवप्रसाद शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत इंजिनिअर. ओतकामाच्या भट्टीजवळ काम करणाऱ्याची असते तशी चेहऱ्याची कातडी तांबूस भाजलेली, बोलणं मोजकं. नीलम्मा बारीक अंगाच्या, कपाळावर विभूतीची रेघ. बोलण्याआधी समोरच्याचं पुरतं ऐकून घेणाऱ्या. त्यांचे मालक बऱ्याच वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेले, असं मल्लाप्पानं सांगितलं होतं.

महादेवीनं चिरमुऱ्यांचा सुसला आणला, मागोमाग शेंगापोळ्या. नीलम्मांचं माहेर संकेश्वराकडचं निघालं आणि आक्काची धाकटी नणंद त्याच गल्लीत दिलेली. मग काय, दोघी मराठीतून कानडीत कधी गेल्या ते त्यांनाही कळलं नाही. "बर्री, या, इकडं सरकून बसा," म्हणत आक्कानं त्यांना स्वतःच्या सतरंजीवर ओढून घेतलं. आक्का माणूस असं लवकर जवळ करत नाही, हे चनबसाप्पांना लहानपणापासून ठाऊक. जमतंय, असं त्यांच्या मनानं घेतलं.

विद्याश्री चहा घेऊन आली. गुरुपाद काकांनी लगेच पाय लांब केला.

"बाळ, आरोग्य खात्यात हाईस म्हनं. मग माझ्या ह्या गुडघ्याचं काय करायचं सांग. उठताना कटकन वाजतोय."

"काका, मी डॉक्टर न्हाय."

"मग लस टोचतीस?"

"ते सगळंच अस्तंय," मल्लाप्पा मधे पडला. "सर्वे, लसी, माता-बालक, सगळं."

नीलम्मांनी मल्लाप्पाकडं पाहिलं, मग मुलीकडं. "तूच सांग की बाळ. तू काय करतीस?"

विद्याश्रीनं चहाचा ट्रे खाली ठेवला, बसली, आणि सांगितलं. सरळ, आवाज न चढवता, जसं कुणी सांगावं की मी शाळेत शिकवते.

खालच्या रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक आली ती सगळ्यांनी नीट ऐकली. मल्लाप्पा शेंगापोळीच्या ताटलीत बघत राहिला. चनबसाप्पांना वाटलं, तिसरंही गेलं. आणि आश्चर्य म्हणजे त्यांना राग आला तो पोरीचा नाही, त्या गप्प बसण्याचा.

शिवप्रसादनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "मग काय सापडलं? का कमी-जास्त होतं?"

"एक कारण कधीच नसतंय," विद्याश्री म्हणाली. "एका डोंगराच्या दोन अंगाला दोन गावं हायत. नावं सांगत न्हाय, त्यांना शब्द दिलाय. पाऊस तोच, पीक तेच. एका गावात बऱ्याच वर्षांत असं कोण गेलं न्हाय. दुसऱ्यात सारखं कोणतरी जातंय. मला वाटलं, दारू असंल. दारू दोन्हीकडं हाय. वाटलं, घरातली भांडणं. ती तर सगळीकडंच हायत."

"हायतच," गुरुपाद काका पुटपुटले.

"पहिल्या गावात घरं एकाला एक लागून हायत. दूध घालायला सकाळ-संध्याकाळ सगळं गाव डेअरीच्या कट्ट्यावर येतंय. दोन दिवस कोण दिसलं न्हाय की हाक मारायला माणूस जातंय. दुसऱ्या गावातली घरं मळ्यामळ्यात पांगलेली. दुधाची गाडी दारात येती. तरणी पोरं पुण्याला. फवारणीचं औषध कुलपाशिवाय कुठंबी पडलेलं. तिथं माणूस महिनाभर कुणाशी बोललं न्हाय तरी कुणाच्या ध्यानात येत न्हाय. तेवढ्यानंच होतंय असं मी म्हणत न्हाय. पण त्यानं फरक पडतो असं मला वाटतंय."

"आणि लोक सांगतात तुम्हाला?" शिवप्रसादनं विचारलं.

"पहिल्यांदा न्हाय सांगत. पहिल्यांदा म्हणतात, हार्ट अटॅक आला. मी पाणी पिऊन येते. परत जाते. मग कधीतरी फोटो काढून दाखवतात."

गुरुपाद काका गुडघा विसरून ताडकन उठले. "चला, नीलव्वा. ऊन व्हायलंय. बाकीचं फोनवर बोलूया."

"बसा, भावजी," नीलम्मा म्हणाल्या.

"अगं पन..."

"बसा म्हटलं न्हवं." त्यांनी कप सतरंजीवर ठेवला. तो नीट टेकला आहे ना, हे बोटानं पाहिलं. "माझ्या मालकास्नी हार्ट अटॅक आला न्हवता. ते स्वतःहून गेले. आमचं घर मळ्यातच. दुधाची गाडी दारात याया लागली तवा केवढी सोय झाली म्हणून मी पेढे वाटलेते. ते गावात जायचेच बंद झाले. कुनी इचारलं न्हाय, आन् मलाबी ते कळलं न्हाय." मग आक्काकडं वळून, "तुम्ही मला जवळ बसवून घेतलं. आता उठा म्हनला तरी मला राग यायचा न्हाय."

शिवप्रसाद उठून आईच्या शेजारी जाऊन बसला. "मी आधीच सांगणार होतो," तो चनबसाप्पांना म्हणाला. "मामा नको म्हणाले."

सगळ्यांच्या माना मल्लाप्पाकडं वळल्या. मल्लाप्पाला एकाएकी शिंका आल्या. त्या मिरचीच्या होत्या की कसल्या, ते त्यालाच ठाऊक.

महादेवी "पाणी आणते" म्हणून आत गेली आणि मागोमाग घरचे सगळे स्वयंपाकघरात गोळा झाले. जागा दोघांची, माणसं पाच.

"फसवलंस," चनबसाप्पा दातओठ खात म्हणाले.

"फसवलं कुठं? दाजी, जरा इचार करा. तुमचं झाकायचं हुतं, त्यांचं झाकायचं हुतं. मी म्हटलं, झाकनाला झाकन बसतंय." मल्लाप्पानं कळवळून बहिणीकडं पाहिलं. पण महादेवी पाण्याचे पेले भरत होती आणि तिनं मान वर केली नाही.

आक्का ओट्याला टेकून उभी होती. "बाई चांगली हाय. माझ्या मनात भरली. पन घराण्यात हे हाय म्हटल्यावर... चन्या, रक्तातनं येतंय म्हनत्यात. उद्या पोराच्या डोक्यात आलं तर?"

आक्काचा शब्द म्हणजे या घरात शेवटचा शब्द. तिनं मोडलेली गोष्ट पुन्हा जोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"विद्या, तू सांग," चनबसाप्पा म्हणाले. आपण तिला तिच्या कामातलं काही विचारतोय हे त्यांच्या तोंडून निघून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. दिवाळीपासून पहिल्यांदाच.

"खोटं सांगत न्हाय, आक्का," विद्याश्री म्हणाली. "एका घरात असं झालं की बाकीच्यांची काळजी थोडी जास्त घ्यावी लागती. पण तो शाप न्हवं. तुझ्या सासरी सगळ्यांना साखर. आजोबांनी तरी तुला दिलीच की त्या घरात. तू काय केलंस?"

"काय करनार? भात कमी केला. रोज फिराया घालवलं. औषधाचं डबडं पुढ्यात आदळलं."

"मग हे तसंच. बोलायचं, लक्ष ठेवायचं, लागलं तर डॉक्टरकडं जायचं. आणि ज्या घरात हे बोलता येतंय ते घर मला बिनबोलणाऱ्या घरापेक्षा बरं वाटतंय."

"दुसरी गोष्ट," महादेवी पहिल्यांदाच बोलली आणि पेले ताटात ठेवता ठेवता बोलली. "आपण मघा कामाचं लपवत हुतो. ती बाई आपल्या घरात बसून खरं बोलली. दोघांत लाज कुणाला वाटाया पायजे, ते ठरवा, आन् मग या भाईर. मी चालले, त्यास्नी तहान लागली असंल."

चनबसाप्पा बायकोच्या पाठीकडं बघत राहिले. मग त्यांनी विद्याश्रीला हळूच विचारलं, "तू अशा घरी जातीस तवा काय बोलतीस गं? पहिलं वाक्य काय?"

"ते कसे गेले हे मी आधी विचारत न्हाय, अप्पा. ते कसे होते, हे विचारते."

चनबसाप्पा बाहेर आले आणि नीलम्मांच्या समोर, खुर्चीवर नाही, सतरंजीवर मांडी घालून बसले. मिरचीच्या भावाबद्दल ते तासभर बोलू शकत, पण हे नवीन होतं.

"ताई, मालकांचं नाव काय?"

"इराप्पा."

"कसे हुते ओ इराप्पा?"

नीलम्मांनी आधी दिराकडं पाहिलं, मग मुलाकडं. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नसावं. आणि मग त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"लबाड," त्या म्हणाल्या.

गुरुपाद काका फसकन हसले. "एक नंबर लबाड."

"मला बघाया आले तवा मी पाणी दिलं आन् आत गेले. लगेच, आणखी पाणी. दिलं. परत, आणखी पाणी. माझे वडील म्हनाले, ह्या पोराला काय रोग हाय का? मला कळलं हुतं रोग कुठला ते. चौथ्या पेल्याला मी धाकट्या भावाच्या हातात तांब्या दिला आन् पाठवलं. तर हे म्हनतात कसे, आता तहान भागली."

आक्कानं तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होतेच. मग गुरुपाद काकांनी सांगितलं, इराप्पानं एकदा जत्रेतून बैल आणायला म्हणून जाऊन हार्मोनियम आणली होती. वाजवता येत नव्हती, तरी रोज संध्याकाळी वाजवायचा. म्हशी दूध चोरायला लागल्या तेव्हा आईनं ती माळ्यावर टाकली. शिवप्रसाद म्हणाला, "मला सायकल शिकवताना स्वतःच ओढ्यात पडले होते, आणि घरी सांगितलं पोरगं पडलं म्हणून." "व्हय?" नीलम्मा चकित झाल्या. "मी तुला त्यापायी मारलं हुतं की रे." "मग. अजून दुखतंय."

हसता हसता नीलम्मांच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यांनी ते पुसलं नाही, आणि हसणंही थांबवलं नाही. चनबसाप्पांना ते बघवत होतं. मंगळवार पेठेतली ती खोली एका न पाहिलेल्या माणसाच्या गोष्टींनी गच्च भरली होती आणि कुणालाच उठायची घाई नव्हती.

विद्याश्री आणि शिवप्रसाद वर गच्चीवर गेले, तिथं वाळत घातलेल्या मिरच्यांमध्ये बराच वेळ उभे राहिले आणि दोघं नाकं लाल करून खाली आले.

"लग्नानंतर काम सोडणार का, असं ह्यांनी विचारलं न्हाय," विद्याश्री म्हणाली. "म्हणून मीच विचारलं, का विचारलं न्हाय?"

"मग काय म्हनला?" आक्कानं विचारलं.

"म्हणाले, सोडलं तर माझ्या आईशी बोलणार कोण?"

आक्का उठली. तिनं देवघरातून साखरेची वाटी आणली, चिमूटभर विद्याश्रीच्या तोंडात घातली, चिमूटभर शिवप्रसादच्या. नीलम्मांच्या तोंडात मात्र तिनं मूठभर कोंबली. मग मल्लाप्पाकडं वळून म्हणाली, "तुला न्हाय. तुझं तोंड लई गोड हाय आधीच."

पाहुण्यांना निरोप द्यायला चनबसाप्पा रस्त्यापर्यंत गेले. गुरुपाद काका जाता जाता एकदा शेवटचं शिंकले आणि रिक्षा गेली. तर समोरून बयाबाई आली. चार घरं सोडून राहणारी. मिरची दळताना डोळ्यांत तेल घालून बसणारी आणि छटाकभर तिखट कमी भरलं तर आख्खी गल्ली डोक्यावर घेणारी.

"ठरलं जनू?"

"ठरलं."

"बरं झालं. न्हाय, पोरगी काय काम करती म्हनं? कुनी काय सांगतंय, कुनी काय."

चनबसाप्पांनी क्षणभर जिन्याकडं पाहिलं. मग त्यांनी सांगितलं, भर रस्त्यात, नेहमीच्या दांडग्या आवाजात. माणसं जीव का देतात ते माझी पोरगी शोधती, आणि देऊ नयेत म्हणून काय करायचं तेबी शोधती.

भांडायला नेहमी कमरेवर असलेला बयाबाईचा हात खाली आला.

"अण्णा, माझा अमर," ती म्हणाली. "बायको माहेरी जाऊन बसल्यापासनं खोलीतनं भाईर येईना. जेवत न्हाय, बोलत न्हाय. रातीला मी दारात झोपते. त्याला काय इचारायचं म्हटलं तर भ्या वाटतंय. इचारलं तर डोस्क्यात यायचं."

चनबसाप्पांनी हाक मारली तशी विद्याश्री नव्या साडीतच खाली आली. तिनं बयाबाईचं सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. "विचारल्यानं डोक्यात येत न्हाय, मावशी. उलट विचारलं की माणसाचा भार हलका होतो. मी येते. बसते त्याच्याजवळ. सरळ विचारते. आणि डॉक्टरकडं जायचं झालं तर आपण तिघं मिळून जाऊ."

"थांब," चनबसाप्पा म्हणाले. ते धापा टाकत जिना चढून गेले आणि शेंगापोळ्यांची झाकलेली ताटली घेऊन उतरले. "आधी मी."

अमरसिंहच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. चनबसाप्पांनी ते वाजवलं, पुन्हा वाजवलं. "अमर, मी चनबसाप्पा. आमच्या विद्याचं लगीन ठरलंय. तोंड गोड करायला आलोय. तू खाल्ल्याबिगर मी जायाचा न्हाय, आन् मला मांडी घालून लई येळ बसता येत न्हाय, गुडघं धरत्यात. तवा बघ."

मग आत खाट करकरली. दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. त्यानं आधी ताटलीकडं पाहिलं, मग मागं उभ्या असलेल्या विद्याश्रीच्या साडीकडं, मग आईकडं. पोळीचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि सावकाश चावला.

"गूळ कमी हाय," तो म्हणाला.

बयाबाईच्या तोंडून हुंदका आला की हसू, कळलं नाही. चनबसाप्पांनी ताटली त्याच्या हातात दिली. "मग मागनं आमच्याकडं चल आन् सांग की तसं तुझ्या काकूला. माझी काय टाप न्हाय. आन् ह्या विद्याला तुझ्याशी दोन शब्द बोलायचं हाय, तिला बसाया जागा कर."

अमरसिंहनं खुर्चीवरचे कपडे उचलून खाटेवर टाकले, खुर्ची विद्याश्रीकडं सरकवली आणि दुसरा घास मोडला.